मशीन राहू दे, आधी बूड दाखवा

जुनी मोटरबोट विकणारा माणूस सगळ्यात आधी मशीन सुरू करून दाखवतो. दोरी ओढली, निळा धूर निघाला, आवाज झाला की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. मागोमाग ठरलेलं वाक्य येतं: "मशीन एकदम टकाटक आसा भाऊ, होडयेक फक्त रंग लावूक होयो."

अशा वेळी मी मशीनकडे पाठ करतो आणि होडीखाली वाकतो. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, नाहीच झालं तर चार बोल्ट काढून दुसरं लावता येतं. बूड गेलं असेल तर नवी होडी बांधण्याइतकं काम पडतं, आणि शेवटी हातात येते ती जुनीच होडी.

मालवणात कोळंबच्या खाडीकडे माझी शेड आहे. फायबरच्या होड्या आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची, मशीनं दुरुस्त करतो. "अमक्याची होडी स्वस्तात मिळते, घेऊ का?" असं विचारायला येणारे दोन प्रकारचे. एक होमस्टेवाले, ज्यांना पाहुण्यांना खाडीत फिरवायचं असतं. दुसरे मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेले चाकरमानी, ज्यांना सकाळी गळ टाकायला जायचं असतं. पुढे लिहिलंय ते दोघांसाठी, साधारण सोळा ते बावीस फुटी होडी डोळ्यांपुढे ठेवून. ट्रॉलरचा हिशोब वेगळा, तो इथे नाही.

कधी बघायची

जून-जुलैत. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्याही पावसाळ्यात वर ओढलेल्या. त्यामुळे बूड उघडं मिळतं, पाण्यात डोकं घालावं लागत नाही. दुसरं म्हणजे पाऊस फुकटात तपासणी करून देतो. नारळाच्या झापांखाली झाकलेल्या होडीत चार दिवसांनी जाऊन बघा, पाणी कुठून झिरपतं ते आपोआप दिसतं. तिसरं, भाव. हंगाम संपलेला, दारात होडी अडून बसलेली, अशा वेळी मालक ऐकतो. नारळी पौर्णिमेनंतर तोच माणूस ऐकत नाही.

घ्या पावसात, पण फायबरचं काम पावसात करू नका. मॅट (काचेच्या तंतूंची चटई) हवेतला ओलावा ओढते, रेझिन (तिला घट्ट करणारा राळेसारखा द्रव) नीट पिकत नाही, थर नंतर सुटतो. दसरा ते होळी हे आमचे खरे कामाचे महिने. म्हणजे जूनमध्ये घेतलेली होडी पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला पाण्यात उतरेल असं धरू नका. ज्याला ऑक्टोबरच्या सुट्टीत पर्यटक बसवायचे आहेत, त्याने चालू होडीच घ्यावी, जुन्या होडीच्या भानगडीत पडू नये.

जाताना काय न्यायचं? बॅटरी, रुपयाचं नाणं किंवा प्लास्टिकची हातोडी, एक टोच्या, लांब दोरी, जुने कपडे. आणि शक्य असेल तर एक माणूस ज्याला ही होडी आवडलेली नाही.

बूड

लांबून सुरुवात करा. मागे उभं राहून एका डोळ्याने कण्याची, म्हणजे बुडाच्या मधल्या पट्टीची, रेघ नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत बघा. मग नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. कणा मध्येच वर उचललेला किंवा खाली बसलेला दिसला तर होडी वर्षानुवर्षं दोनच ओंडक्यांवर ठेवलेली आहे आणि तिने तोच आकार धरलाय. पिळवटलेली होडी पाण्यात कायम एका बाजूला ओढते, कितीही वजन सरकवा. हे दुरुस्त करण्याच्या फंदात मी पडत नाही. इथेच नमस्कार करायचा आणि निघायचं.

आकार सरळ असेल तर नाणं काढा आणि सगळं बूड वाजवत जा. चांगलं फायबर टणटण वाजतं. आवाज भद्द झाला की तिथे थर एकमेकांपासून सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. खडूने ती जागा घेरा. दोन-चार तळहाताएवढी वर्तुळं आली तर काम होण्यासारखं आहे. अर्धं बूड पांढरं झालं तर नाही.

तडे सगळे सारखे नसतात. एका बिंदूतून चांदणीसारखे फुटलेले तडे म्हणजे काहीतरी आपटलंय, बहुधा वरच्या गुळगुळीत थरापुरतेच, म्हणजे जेलकोटपुरतेच असतात. एकमेकांना समांतर जाणारे लांब तडे, तेही बुडाच्या कडेला किंवा मागच्या कोपऱ्यात, हे वाईट. होडी तिथे दर लाटेला वाकते आहे आणि आतला आधार गेलाय. फोड आले असतील तर एखादा टोच्याने फोडा, पण तोंड बाजूला ठेवा, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि डोळ्यात उडतं. चिकट आणि व्हिनेगरसारख्या आंबट वासाचं निघालं तर पाणी जेलकोटमधून आत शिरून रेझिनला लागलंय. चार-दोन फोड घासून, सुकवून बुजवता येतात. सगळं बूड फोडांनी भरलं असेल तर पूर्ण जेलकोट काढून होडी महिनोन् महिने सुकवावी लागते, आणि कोकणात सुकवायला महिने असतातच किती?

ताजा रंग दिसला की मी जास्त वेळ थांबतो. उन्हं कलल्यावर तिरप्या उजेडात बुडावरून नजर टाकली की जुनी ठिगळं उंचवट्यासारखी दिसतात. त्याच जागेला आतून बघा. नीट केलेल्या दुरुस्तीत आतूनही मॅट घातलेली असते. बाहेरून नुसती पुट्टी थापली असेल तर ती सगळी काढूनच काम करावं लागणार, ते खर्चात धरा. नियमाने करायचं तर एक सेंटीमीटर जाडीच्या फायबरला भोकाच्या चहूबाजूंनी बारा सेंटीमीटर उतार घासून मग थर चढवतात. असा उतार घासायचा कंटाळा केलेली ठिगळं मी हाताने सोलून काढलेली आहेत.

वजन

ही गोष्ट कुणी तपासत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच होड्यांत तळफळीखाली, म्हणजे पाय ठेवायच्या फळीखाली, फोम किंवा थर्माकोल भरलेला असतो. वरून भोक पडलं की त्यात पाणी जातं आणि परत येत नाही. होडी पाण्यात खोल बसते, मशीन रडतं, पेट्रोल खातं, आणि मालक म्हणतो कार्बोरेटर साफ करा. टेम्पोत घालून वजनकाट्यावर न्या. आधी रिकामा टेम्पो, मग होडीसकट. बांधणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा बरंच जास्त भरलं तर तळफळी कापून सगळा फोम काढणं आलं. वजनकाटा लांब असेल तर म्हाताऱ्या खलाशाला विचारा, पूर्वी ही होडी किती माणसं वर ओढायची आणि आता किती लागतात. त्याचं उत्तर काट्याच्या जवळपास येतं.

दुरुस्तीनेसुद्धा वजन वाढतं. दहा चौरस मीटर बुडावर चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर आणि ६०० ग्रॅमच्या रोविंगचा, म्हणजे विणलेल्या काचेच्या कापडाचा, एक, इतकं साधं काम धरू. मॅट ९ किलो, तिला रेझिन वीस-बावीस किलो. रोविंग ६ किलो, तिला रेझिन तेवढंच. म्हणजे एक्केचाळीस ते त्रेचाळीस किलो कायमचे चढले. "मजबूत करा हो, चार थर जास्त मारा" म्हणणाऱ्यांना मी सांगतो, एक प्रवासी मोफत बसवताय, आणि तो उतरणार नाही.

मागचा फळा

मशीन ज्यावर अडकवतात तो मागचा फळा, आम्ही ट्रान्सम म्हणतो. जुन्या होडीचा जीव बहुतेक वेळा इथेच जातो. बाहेरून फायबर, आत दीड-पावणेदोन इंच प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि प्लाय आतल्या आत कुजतो, बाहेरून चकाचक. बांधताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घातला असेल तर बरीच वर्षं काढतो. फर्निचरचा प्लाय घातला असेल तर नाही, आणि तो घालणारे आहेत.

मशीन बसवलेलं असताना त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोराने हलवा आणि नजर फळ्याच्या वरच्या कडेवर ठेवा. फळा मशीनबरोबर झुलला, कोपऱ्यातले तडे उघडले-मिटले, बोल्टखालून तांबूस पाणी आलं, की निदान झालं. शंका असेल तर मालकाला विचारून आतल्या बाजूने खाली एक बारीक भोक पाडा, आरपार नको. कोरडा फिका भुसा आला तर उत्तम. काळपट, ओला, कुबट वासाचा लगदा आला तर फळा बदलायचा. भोक लगेच बुजवून द्या, पाहुण्याने घर भिजवून जाऊ नये.

कुजलेला फळा म्हणजे होडी टाकून द्यावी असं मात्र नाही. आतलं फायबर कापून, सडका प्लाय खरवडून, नवा बसवून परत बांधता येतो. हे आठवड्याभराचं काम आहे आणि आमच्याकडे नेहमी होतं. पण फळा कुजला असेल तर तळफळीखालचे उभे लाकडी आधारही बहुधा कुजलेले असतात. तळफळीवर उड्या मारून बघा, झाकण असेल तर उघडून टोच्या खुपसा. लोण्यासारखा आत गेला तर खर्च दुप्पट. फळा एकटा गेलाय की आधारही गेलेत, या एका प्रश्नावर माझा बहुतेक निर्णय होतो. फक्त फळा असेल तर घ्या, दोन्ही असतील तर होडी फुकट मिळत असली तरी विचार करा.

लाकडी असेल तर

चाकरमान्यांची आजोबांची होडी हा वेगळा विषय, तिथे हिशोब चालत नाही हे मलाही कळतं. तरी बघताना एवढं लक्षात ठेवा. उन्हात पडलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आकसतात, मधून उजेड दिसतो. त्याला घाबरू नका. पाण्यात फुगून बऱ्याच फटी मिटतात, उरलेल्यांत कापूस भरता येतो. घाबरायचं ते मऊ लाकडाला. कणा, नाळेचा सांधा आणि आतले वाक (बरगड्यांसारखे आधार) टोच्याने तपासा. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर लोखंड गंजून आजूबाजूचं लाकूड खातंय. एक खिळा उपटून बघा. सुईसारखा बारीक झालेला निघाला तर बाकीचेही तसेच. बुडाला बारीक भोकं दिसली तर आत समुद्री किड्याने बोगदे केलेले असतात, बाहेरच्या भोकावरून आतला अंदाज येत नाही.

फळ्या बदलता येतात. कणा आणि अर्ध्याहून जास्त वाक गेले असतील तर सुतार जुन्या होडीच्या मापाची नवी होडी बांधेल, त्याला दुरुस्ती म्हणायचं असेल तर म्हणा. सुतार आधी शोधा, होडी नंतर. हे काम येणारे हात आता कमी राहिलेत आणि त्यांच्या तारखेवर तुमचं सगळं अवलंबून.

आणि कृपा करून लाकडी होडीवर फायबर चढवून "कायमचा प्रश्न मिटवू" नका. ओल्या लाकडाला पॉलिस्टर रेझिन धरत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर तसं करत नाही, मग मध्ये पाणी साठतं आणि लाकूड झाकल्या जागी सडतं. काजूच्या टरफलाचं तेल किंवा उंडेल (उंडीच्या बियांचं तेल) लावून लाकूड श्वास घेतं ठेवलेलं बरं. जुन्या लोकांनी हेच केलं.

आता मशीन

बूड आणि फळा पास झाले तरच इथे या. मशीन थंड आहे ना, हे हात लावून बघा. तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलेलं मशीन कसंही सुरू होतं.

टोपण उघडून चाक हाताने फिरवा. फिरतच नसेल तर जाम झालेलं आहे. समुद्रात बुडून वर काढलेलं आणि तसंच सुकवून ठेवलेलं मशीन असेल तर बेअरिंगमध्ये गंज धरलेला असतो, सुट्या भागांच्या भावानेच घ्या. फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. थोडं चालवून गरम करा, सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे एकाची रिंग किंवा भिंत गेलीय.

मग खालचा गिअर. मशीन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू हळूच सैल करा. तेलाआधी पाणी आलं, किंवा तेल दुधाळ आलं, की सील गेलं. आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेली तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी. ती सील कापत आत जाते. पंखा काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. सील स्वस्त असतं, पण पाण्यात चाललेले गिअर स्वस्त नसतात.

चालू केल्यावर मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून जोरात यायला हवी. बारीक येत असेल तर आधी इम्पेलर, म्हणजे आत पाणी ओढणारा रबरी पंखा, बदलायचा, तो तसाही जुन्या मशीनला बदलायचाच. तरीही धार सुधारली नाही तर आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने चोंदल्यात, म्हणजे वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवायची सवय मालकाला नव्हती. मशीन वर उचलून, डावी-उजवीकडे वळवून बघा. मशीन ज्यावर वळतं तो पिन अडकलेला असेल आणि सोडवताना मोडला तर अख्खा ब्रॅकेट जातो.

पेट्रोलच्या नळ्या आणि पंप मारायचा रबरी फुगा सरळ नवे धरा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्याने मऊ पडतं, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. मशीन तळातलं ओढतं, म्हणजे ऑइलशिवाय चालतं. कितीतरी पिस्टन असे गेलेत आणि शिव्या मेकॅनिकला पडल्यात. महिनोन् महिने पडलेली टाकी आधी रिकामी करा.

वायरिंगवर वेळ घालवू नका. एक वायर सोलून बघा, तांबं काळं-हिरवं निघालं की सगळी नवी. मशीन कुठल्या कंपनीचं, याहीपेक्षा त्याचे सुटे भाग गोव्यात किंवा रत्नागिरीत मिळतात का, हे विचारा.

कागद

मासेमारीची होडी असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी, होडीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवून बघा. मच्छीमार संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज बाकी आहे का, ते विक्रेत्याच्या तोंडावर न जाता संस्थेत जाऊन विचारा. होमस्टेवाल्यांनी एक गोष्ट नीट ऐका: मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी बसवता येत नाहीत. खाडी-नदीतल्या यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आलाय. नोंदणी, सर्वेक्षण आणि परवान्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जावं लागतं. होडी विकत घ्यायच्या आधी तिथे जा आणि अशा होडीला काय काय लागेल ते लिहून घ्या. सर्वेक्षणात नापास होणारी होडी तुमच्या अंगणात शोभेला राहील.

हिशोब

एका कागदावर सगळं लिहा. होडीची किंमत, टेम्पो आणि हमाली, बूड, फळा, आधार, मशीनची दुरुस्ती, टाकी आणि नळ्या, वायरिंग, स्टिअरिंग, लाइफजॅकेट, नोंदणी. प्रत्येक कामाचा अंदाज कारागिराकडून घ्या, तुमच्या मनाने नको. बेरजेवर निम्मी रक्कम आणखी चढवा, कारण कापल्याशिवाय आतलं दिसत नाही आणि आतलं कधीच अंदाजाहून बरं निघत नाही. आता त्याच मापाची, धडधाकट, चालू होडी किनाऱ्यावर कितीला मिळते ते काढा. तुमची बेरीज तिच्या पाऊण किमतीच्या वर गेली तर सोडून द्या. लाख खर्च केलात तरी विकताना ती जुनी होडी म्हणूनच विकली जाते.

काम स्वतः करणार असाल तर मजुरी वाचते, हे खरं. मग एक धोका नीट समजून घ्या: रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं द्रावण) ढवळून घ्यायचं, मग हार्डनर, साधारण एक ते दोन टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा, मापाचा कपही वेगळा.

सौदा ठरला तर बयाणा थोडाच द्या आणि साध्या कागदावर नको, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. होडीचा नोंदणी नंबर, मशीनचा सिरियल नंबर प्लेटवरून स्वतः वाचून, सोबत काय काय मिळणार आहे, कर्ज बाकी नसल्याचं विक्रेत्याचं लेखी, आणि पाण्यात अर्धा तास पूर्ण वेगाने चालवून बघितल्यावरच व्यवहार पुरा, ही अट. पाऊस असेल तर ही चाचणी ऑगस्टनंतर खाडीत घ्या, समुद्रात नको. उरलेली रक्कम नाव बदलून आल्यावर.